उन्हाळ्याच्या दुपारी कोणाचे ऐकावे?

मे महिना तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून सुट्टीत वाचायच्या पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात, आणि त्यांपैकी बहुतेक याद्यांचा सूर असा असतो की उन्हाळ्यात हलकेफुलके काहीतरी वाचावे, डोक्याला ताप नको. हा सल्ला देणारी मंडळी बहुधा दोन-तीन दिवस थंड हवेच्या ठिकाणी राहून घरी परतणारी असावीत. अकोल्यासारख्या गावात ज्यांचा उन्हाळा जातो त्यांची गोष्ट निराळी आहे. येथे पारा ४४-४५ अंशांवर मुक्काम ठोकतो, सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडतात, कूलरच्या टाकीत पाणी भरत राहणे हे घरातील एक नियमित काम होऊन बसते, आणि ऊन उतरेपर्यंत, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंत, दाराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. विदर्भातील शाळादेखील जूनच्या अखेरीसच उघडतात. अशी सहा-सात तासांची बंदिस्त दुपार रोज समोर उभी असताना हलकेफुलके पुस्तक दीड तासात संपते आणि दुपार मात्र तशीच शिल्लक राहते. म्हणून माझ्या लेखी उन्हाळा हा मोठ्या कादंबऱ्यांचा ऋतू आहे. हिवाळ्यात माणसे हिंडतात-फिरतात, पावसाळ्यात कामे निघतात. एका कादंबरीला सलग आठवडा देता येईल अशी सवड फक्त मे महिना देतो.

पण नुसती जाडी हा काही गुण नव्हे. सातशे पानांची एखादी कादंबरी साठाव्या पानावर हातातून गळून पडते, आणि सव्वाशे पानांची एखादी माणसाला जेवणावरून उठवते. वाचकाला धरून ठेवणारी गोष्ट नेमकी कोणती, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात वाचनालयाच्या कपाटांपुढे उभी असताना पडतो. त्याचे सर्वांना सुचणारे उत्तर म्हणजे उत्कंठा: पुढे काय होणार हे कळल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून आपण पाने उलटत राहतो. रहस्यकथांच्या बाबतीत हे खरेही आहे. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंझार व काळापहाड या त्यांच्या नायकांनी कित्येक पिढ्यांच्या सुट्ट्या खाल्ल्या, त्या याच बळावर. त्यांना कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. मात्र गुन्हेगार सापडला की ते पुस्तक मिटते ते कायमचेच.

मराठी वाचकाने ज्या कादंबऱ्यांवर सर्वाधिक जीव टाकला त्यांची नावे आठवून पाहिली, तर उत्कंठेचे हे उत्तर तोकडे पडते. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली. माधवराव पेशवे ऐन तारुण्यात क्षयाने थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाला शाळेतील इतिहासाच्या पुस्तकापासून ठाऊक होते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’चा (१९८८) शेवट तर तिच्या नावातच आहे. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मधील (१९६७) कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतणार, हे न जाणणारा मराठी वाचक शोधून सापडायचा नाही. तरीही या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे माहीत असते, आणि तरीही तो बुवांनी उत्तररंगातले आख्यान आटोपते घेतले तर नाराज होऊन घरी जातो. आपली वाचनाची आवडही याच सवयीवर पोसलेली आहे. आख्यान ठाऊक असते. ते आज कोणाच्या तोंडून ऐकायचे, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून उन्हाळ्यासाठी कादंबरी निवडताना मी आता विषय कोणता हे नंतर पाहते आणि सांगणारा कोण आहे हे आधी पाहते.

‘मृत्युंजय’चे नऊ भाग आहेत आणि त्यांत सहा जण बोलतात: स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि अखेरीस श्रीकृष्ण. या रचनेमुळे एक गंमत घडते. कुंतीचा भाग वाचून झाल्यावर वाचकाला जे गुपित कळलेले असते ते पुढील भागांत बोलणाऱ्या कर्णाला कळलेले नसते, आणि मग त्याचे प्रत्येक साधे वाक्यही आपण काळजी करत वाचू लागतो. धाकटा भाऊ शोण बोलू लागतो तेव्हा दुर्योधनाच्या दरबारातील कर्ण बाजूला राहतो आणि ज्याच्या मागे-मागे लहानपणी धावलो तो मोठा भाऊ समोर येतो. या कादंबरीची भाषा उपमा-उत्प्रेक्षांनी ओथंबलेली आहे आणि चाळिशी ओलांडल्यावर ती मला पूर्वीइतकी मानवत नाही, हे खरे. पण पंधरा-सोळाव्या वर्षी तीच भाषा वाचकाला वाहून नेते, आणि त्या वयातील वाचकाला ती मे महिन्यातच द्यावी, परीक्षेच्या आसपास देऊ नये.

वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’मध्ये असाच प्रयोग केला होता. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात, आणि देवयानीचा अहंकारही तिच्या स्वतःच्या तोंडी आला की त्याला एक प्रकारची सुसंगती येते. मात्र थोडे कान देऊन ऐकले तर लक्षात येते की तिघांच्याही बोलण्यात सुभाषितांची तीच पेरणी आहे, जीवनाविषयी चिंतन करण्याची तीच ओढ आहे. तोंडे तीन असली तरी आवाज एकट्या खांडेकरांचा आहे. ज्याला तो आवाज आवडतो त्याला ही कादंबरी खाली ठेववत नाही, आणि ज्याला आवडत नाही त्याला कथानक कितीही वेधक असले तरी ते उपयोगी पडत नाही. म्हणजे किती जण सांगतात याला महत्त्व नाही. सांगणारे माणूस कागदावरून उठून आपल्यासमोर बसते की नाही, हे पाहावे लागते.

या कसोटीवर माझ्या मते सर्वांत वर बसते ती एकशे तीस वर्षांहून जुनी असलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरि नारायण आपटे यांनी ती क्रमशः प्रसिद्ध केली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते: माहेरचे घर, वडीलधाऱ्यांचे रुसवेफुगवे, लहानपणीच झालेले लग्न, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडके सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य. लिहायला घेतली तेव्हा आपटे जेमतेम सव्विशीचे होते. त्या वयाच्या पुरुषाने एका मुलीचा आवाज इतका बरोबर कसा पकडला असेल याचे मला दर वाचनात आश्चर्य वाटते. यमू विषयांतर करते, मध्येच आठवलेली गोष्ट सांगत बसते, मग आपणच आपल्याला आवरून मूळ गोष्टीवर येते. माजघरात बसून मोठ्यांचे बोलणे ऐकणाऱ्या मुलीला जेवढे कळेल तेवढेच ती सांगते, आणि तिला न कळलेले वाचकाला कळत जाते. साप्ताहिकाच्या वाचकांना पुढील भागासाठी आठवडाभर थांबावे लागे. आपल्याकडे सगळी कादंबरी एका पुस्तकात बांधलेली असल्यामुळे आपण ती एका दमात संपवू पाहतो, आणि माझ्या मते तेथेच घोटाळा होतो. ही कादंबरी रोज दुपारी चार-पाच प्रकरणे अशा बेताने वाचावी. शंकरमामंजींचा संताप यायला, यमूच्या भावाविषयी आशा वाटायला आणि ती आशा मावळायला मध्ये थोडा वेळ जावा लागतो. डोक्याला ताप नको म्हणणाऱ्यांना ही कादंबरी भरपूर ताप देईल. पण उन्हाळाभर त्यांना दुसरे काही सुचणार नाही, एवढे नक्की.

माझी भाची पुण्यात अभियांत्रिकी शिकते. भर मे महिन्यात पुण्याहून अकोल्याला येण्याचे धाडस ती केवळ आजीसाठी करते. एका सुट्टीत ती म्हणाली, “मावशी, मला असे पुस्तक दे की मोबाईलची आठवणच झाली नाही पाहिजे.” तिला आजवर प्रत्येकाने ‘मृत्युंजय’च सुचवली होती आणि ती तिने वाचलीही होती. मी तिला भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ दिली. १९६३ साली प्रसिद्ध झालेली, पंचविशीतील लेखकाची, पंचविशीतील नायकाने सांगितलेली ही कादंबरी आज विशीत असलेल्या मुलीला कितपत जवळची वाटेल याची मला खात्री नव्हती. पहिली काही पाने वाचून तिने विचारले, “हा माणूस लिहितोय की बोलतोय?” पांडुरंग सांगवीकराविषयी याहून नेमका प्रश्न मी कोणा समीक्षकाकडूनही ऐकलेला नाही. पुढे काही दिवस ती जेवताना प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालू लागली, त्यावरून आजीची बोलणी खाल्ली, आणि पांडुरंगाच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग आला त्या दिवशी दोनदा हाका मारूनही चहाला उठली नाही. ‘कोसला’त कथानक म्हणावे असे फारसे काही नाही. एक मुलगा खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि काही वर्षांनी परत येतो. ज्यांना गोष्ट हवी असते ते तिच्यावर चिडतात, आणि त्यांचे चिडणेही मला समजते.

वऱ्हाडातील वाचकाला आणखी एक आवाज जवळचा आहे, आणि तो एका व्यक्तीपेक्षा बोलीचा अधिक आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची. कौतिक ही तिची नायिका. नवरा महादेव आणि मुले यांना घेऊन गरिबीशी झुंजताना ती एकेक उपाय करून पाहते आणि प्रत्येक उपाय अपुरा पडत जातो. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी माणसे बोलतात ती खणखणीत वऱ्हाडीत, आणि ते संवाद मनातल्या मनात न वाचता ओठ हलवत वाचले की कौतिक अशी काही उभी राहते की तिला मध्येच सोडून दुसरे पुस्तक घेणे म्हणजे तिला अर्ध्या वाटेत टाकल्यासारखे वाटते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना पहिली वीस-पंचवीस पाने बोली अडखळवते. त्यांनी तेवढी कळ काढावी.

इतके सांगितल्यावर मला माझ्याच नियमाला छेद देणारी कादंबरी पुढे करावी लागते, कारण आजवरच्या उन्हाळ्यांत मला सर्वाधिक काळ बांधून ठेवणारी कादंबरी तीच आहे, आणि तिच्यात ‘मी’ म्हणून बोलणारा कोणीही नाही. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली दोन खंडांत आली. खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी वसलेले तुंबाड, तेथील खोतांचे घराणे आणि त्याच्या चार पिढ्या, असा तिचा पसारा आहे. दापोली तालुक्यातील मुर्डी हे पेंडशांचे जन्मगाव; आयुष्यातील नोकरीची वर्षे मात्र त्यांनी मुंबईत ‘बेस्ट’मध्ये काढली आणि लिहिले ते मुख्यतः कोकणावर. ‘गारंबीचा बापू’ ही त्यांची अधिक गाजलेली कादंबरी तुलनेने आटोपशीर आहे, तिच्या मध्यभागी एक ठसठशीत नायक आहे आणि ती दोन दुपारींत वाचून होते. ‘तुंबाडचे खोत’मध्ये असा एक नायक नाही. ज्याच्यावर आपला जीव जडतो तो माणूस म्हातारा होतो, मरतो, आणि त्याच्या पुतण्याची गोष्ट सुरू होते. माजोरी खोत, देवभोळा खोत, दिवाळे काढणारा खोत, घर सावरणारा खोत असे एकामागून एक येत राहतात आणि नदी व वाडा तेवढे जागच्या जागी असतात.

मग तेथे सांगणारा कोण? मला वाटते, तेथे सारा गाव सांगतो. कोकणात एखाद्या घराण्याविषयी चौकशी केली तर ओटीवर बसलेला म्हातारा थेट उत्तर देत नाही. तो त्या माणसाच्या आजोबांपासून सुरुवात करतो, मध्येच एखाद्या भावकीच्या तंट्यात शिरतो, त्यात कोणाची चूक होती यावर स्वतःचे मतही देतो आणि तासाभराने मूळ प्रश्नावर येतो. पेंडशांच्या निवेदनाची चाल अशी आहे. म्हणूनच पहिली शंभर पाने वाचकाची परीक्षा पाहतात, नावे एकमेकांत मिसळतात, कोण कोणाचा चुलता हे विसरायला होते. यावर माझा उपाय साधा आहे: वहीच्या पाठकोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने वंशावळ काढत जावी. एकदा ती वंशावळ भरू लागली की दुसरा खंड हाती येईपर्यंत वाचक त्या भावकीतलाच एक होऊन बसलेला असतो. २०१८ साली आलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट पाहून भयकथेच्या अपेक्षेने ही कादंबरी घेणारे काही जण मला भेटले आहेत. गावाचे नाव तेवढे सारखे आहे. चित्रपटाचा धागा जुळतो तो नारायण धारपांच्या भयकथेशी, खोतांच्या कहाणीशी नव्हे.

ज्यांना आठवडा नाही आणि एकच दुपार हाताशी आहे त्यांच्यासाठी दोन नावे पुरेशी आहेत. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची भेट त्या प्रवासापुरती आहे, आणि चक्रधरच ती सांगत असल्यामुळे त्याच्या कोरडेपणाचा हिशेब वाचकाला स्वतःच मांडावा लागतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शाळामास्तर सांगतो. तो कमी बोलतो, आणि दुष्काळात वाडी हळूहळू रिकामी होत जाते ते पाहण्यासाठी बाहेर पेटलेल्या उन्हासारखी योग्य वेळ नाही. अनुवादांत राम पटवर्धनांनी केलेले ‘पाडस’ माझ्या यादीत कायम असते, कारण फ्लोरिडाच्या रानातील त्या कुटुंबाला त्यांनी अशी मराठी दिली आहे की ते परके वाटत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरील भिलार या गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे घरोघरी पुस्तके मांडलेली असतात आणि प्रत्येक घराकडे एखादा साहित्यप्रकार सोपवलेला असतो. कल्पना उत्तम आहे आणि जागा रम्य आहे, पण सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्याला तेथे मोठी कादंबरी सुरू करता येत नाही. ज्या पानावर ती खऱ्या अर्थाने सुरू होते तेथवर पोहोचण्याआधीच निघायची वेळ होते. कवितासंग्रहांच्या घरात बसावे हे बरे.

प्रत्यक्ष निवड करायची ती आपल्या गावच्या वाचनालयात. तेथे मी कपाटापुढे उभी राहून पुस्तक मधूनच उघडते आणि अर्धे पान हळू आवाजात वाचते. मलपृष्ठावरचा मजकूर मी पाहत नाही, कारण तो सांगणाऱ्याचा नसतो, विकणाऱ्याचा असतो. अर्ध्या पानात कोणी बोलल्याचा भास झाला तर पुस्तक घरी येते. वर्णनच वर्णन असेल आणि ते कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे हे कळत नसेल तर मी ते परत ठेवते. मागच्या तारखांच्या शिक्क्यांवरही नजर टाकते. एप्रिल-मेमध्ये एकामागून एक शिक्के पडलेले असतील तर आपल्यासारख्याच बंद घरांतून ते पुस्तक फिरून आलेले असते, आणि ही शिफारस मला कोणत्याही यादीपेक्षा अधिक भरवशाची वाटते. दोन खंडांची कादंबरी असेल तर दोन्ही खंड जागेवर आहेत याची खात्री करूनच पहिला न्यावा. ‘श्रीमान योगी’सारख्या अवजड ग्रंथाची बांधणी ग्रंथपाल बाईंसमोरच तपासावी, मधला एखादा फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, निखळलेला असेल तर ते ऐन रंगात आल्यावर कळते आणि मग त्या रागाला वाट राहत नाही. आदल्या वाचकाने समासात पेन्सिलीने शेरे मारलेले असतील तर बहुतेक जण ती प्रत टाळतात, मी मुद्दाम तीच घेते. कोणीतरी अनोळखी वाचक यमूच्या सासरकडच्या माणसांना समासातून शिव्या देताना भेटला की वाचनाला सोबत होते.

यंदासाठी रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ मी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात नोंदवून ठेवली आहे. एका मराठा कुळाची अनेक शतकांची ही कहाणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात आजचा एक माणूस आपल्या पूर्वजांचा माग काढत मागे-मागे जातो. वाचनालयात उभ्याने चाळलेल्या पानांवर तो मला बोलताना ऐकू आला. ग्रंथपाल बाईंनी सांगितले की ती प्रत सध्या एका निवृत्त तलाठ्यांकडे आहे आणि त्यांनी मुदत दोनदा वाढवून घेतली आहे. तोवर भाचीसाठी ‘धग’ आणून ठेवली आहे. वऱ्हाडी अडली तर आजी घरात आहेच.